दोन याद्यांचा मेळ : वऱ्हाडांतील पोथ्यांच्या निमित्तानें

वाशीमहून पुसदकडे जाणाऱ्या वाटेवर अनसिंग हें गांव आहे. या गांवच्या अथवा त्याच्या आसपासच्या एखाद्या जुन्या घरांतील पोथ्यांची यादी करावयास बसलें, तर तींत 'हरिविजय' हें नांव बहुधा सांपडेल. यादी करणारा तें लिहितो, वाचणारा तें वाचतो, आणि दोघांसहि श्रीधरस्वामींचा शके १६२४ मध्यें पंढरपुरीं पूर्ण झालेला छत्तीस अध्यायांचा ओंवीबद्ध ग्रंथच अभिप्रेत असतो. परंतु याच अनसिंगपासून थोडक्या कोसांवर असलेल्या वाशीम येथें, म्हणजे प्राचीन वत्सगुल्म नगरांत, राज्य करणाऱ्या वाकाटकवंशीय सर्वसेन राजानेंहि इसवी सनाच्या चौथ्या शतकांत 'हरिविजय' याच नांवाचें प्राकृत काव्य रचिलें होतें. आनंदवर्धनानें ध्वन्यालोकांत त्याचा उल्लेख केला आहे. भोजाच्या ग्रंथांतून त्यांतील गाथा उद्धृत झाल्या आहेत. समग्र काव्याची पोथी मात्र कोठेंहि हातीं आलेली नाहीं.

आतां असें समजा कीं, वऱ्हाडांतील शेंपन्नास घरगुती याद्या एकत्र करून एक मोठी सूची तयार करण्याचें काम कोणी हातीं घेतलें. 'हरिविजय' हें नांव त्यांत अनेक वेळां येणार. प्रत्येक वेळीं ती श्रीधराचीच प्रत असें धरून सर्व नोंदी एका पत्रिकेवर चढविल्या जाणार, आणि पत्रिकेच्या कोपऱ्यांत 'दुबार' हा शेरा पडणार. दुबार शेरा पडलेली पोथी पुन्हां कोणी सोडून पाहत नाहीं. तिचें छायाचित्र घेतलें जात नाहीं. जागेची अडचण झाली कीं पहिली तीच बाहेर जाते. सर्वसेनाच्या काव्याचें एखादें त्रुटित बाड कोठें पडून असेल, असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु असलेंच, तर तें हरवण्याची रीत हीच आहे. वाळवी आणि ओल यांनीं नासलेल्या पोथ्यांविषयीं आपण हळहळतों. चुकीच्या मेळानें नासलेल्या पोथ्यांची गणती कोणीच ठेवीत नाहीं.

म्हणून प्रस्तुत लेखांत, दोन निरनिराळ्या हातांनीं, निरनिराळ्या दृष्टीनें केलेल्या याद्या एकत्र करतांना त्यांतील साम्य कशानें मोजावें, आणि किती साम्य दिसल्यावर दोन नोंदी अथवा दोन वर्ग एक मानावे, या प्रश्नाचा विचार करण्याचें योजिलें आहे. संगणकशास्त्रांतहि हा प्रश्न अलीकडे फार चर्चिला गेला आहे. तेथील पंडितांनीं तत्त्वज्ञानांतील 'ऑन्टॉलॉजी' हा शब्द उचलून तो पदार्थ, त्यांचे वर्ग आणि त्यांचे परस्परसंबंध यांच्या सुव्यवस्थित मांडणीला लाविला आहे. आम्ही तिला ज्ञानरचना म्हणूं. दोन ज्ञानरचनांचा मेळ घालण्याच्या निरनिराळ्या पद्धती एकाच कसोटीवर घासून पाहण्याची वार्षिक परीक्षाहि इ. स. २००४ पासून चालू आहे. पोथ्यांची यादी ही ज्ञानरचनाच होय. कोणती पोथी कोणत्या बस्त्यांत, कोणत्या मथळ्याखालीं आणि कोणत्या पोथीच्या शेजारीं ठेवावी हें ठरविणाऱ्या भांडारपालाच्या मनांत विद्येचा एक नकाशा असतोच.

आपल्या प्रांतापुरतें पाहूं गेल्यास मेळाचें काम नवें नाहीं. कीलहॉर्न यांनीं मध्यप्रांतांतील संस्कृत हस्तलिखितांची सूची इ. स. १८७४ मध्यें नागपुरास छापविली. वऱ्हाड त्या वेळीं निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यांत आलेला निराळा मुलूख होता. पुढें १९०३ मध्यें तो मध्यप्रांतास जोडला गेला, आणि रायबहादुर हिरालाल यांची संस्कृत व प्राकृत हस्तलिखितांची सूची १९२६ मध्यें निघाली ती मध्यप्रांत व वऱ्हाड अशा दोहोंची निघाली. या सूचीनें कारंजा येथील दिगंबर जैन भांडारें प्रथमच विद्वानांच्या दृष्टीस ठळकपणें आणून दिलीं. बलात्कारगण, सेनगण आणि काष्ठासंघ यांचीं तीन मंदिरें तेथें आहेत. तेथील पोथ्यांच्या आधारें निघालेल्या ग्रंथमालेंत परशुराम लक्ष्मण वैद्य यांनीं पुष्पदंताचें 'जसहरचरिउ' १९३१ मध्यें आणि हिरालाल जैन यांनीं त्याच कवीचें 'णायकुमारचरिउ' १९३३ मध्यें प्रसिद्ध केलें, हें वाचकांस विदित आहेच. अखिल भारताची गोष्ट घेतली, तर आउफ्रेख्ट यांची बृहत्सूची १८९१, १८९६ व १९०३ अशा तीन खंडांत लाइपझिग येथें निघाली. हरि दामोदर वेलणकर यांचा 'जिनरत्नकोश' भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरानें १९४४ मध्यें प्रसिद्ध केला. आणि मद्रास विद्यापीठाच्या नव्या बृहत्सूचीचा पहिला खंड राघवन् यांच्या संपादकत्वाखालीं १९४९ मध्यें बाहेर पडला. ही सर्व मेळाचीच कामें. त्यांच्या कर्त्यांनीं एकेका नांवावर किती रात्री घालविल्या असतील, याची कल्पना तसलें काम स्वतः केल्याशिवाय येणार नाहीं.

पहिली कसोटी अर्थातच नांवाची. ती सर्वांत सोपी आणि सर्वांत फसवी. दोन नांवांत किती अक्षरें बदलावीं, घालावीं अथवा गाळावीं म्हणजे एकाचें दुसरें होतें, हें मोजून नांवांतील अंतर ठरविण्याची एक रीत लेव्हेनश्टाइन या रशियन गणितज्ञानें १९६५ मध्यें मांडली, आणि संगणक आज हें अंतर निमिषांत काढून देतो. पण तें लावून पाहा. 'हरिविजय' आणि 'हरिविजय' यांतील अंतर शून्य, तरी ग्रंथ दोन आणि त्यांत तेरा शतकांचें अंतर. 'हरिविजय' आणि 'रामविजय' यांत अवघीं दोन अक्षरें निराळीं. कवि एकच असला तरी ग्रंथ भिन्न. उलट 'अमृतानुभव' आणि 'अनुभवामृत' यांत अक्षरांची उलथापालथ मोठी, तरी ग्रंथ एकच. 'ज्ञानेश्वरी', 'ज्ञानदेवी' आणि 'भावार्थदीपिका' हीं तिन्ही एकाच ग्रंथाचीं नांवें. परंतु 'भावार्थदीपिका' हें श्रीधरस्वामींच्या भागवतावरील संस्कृत टीकेचेंहि नांव आहे, आणि हे श्रीधरस्वामी हरिविजयकर्ते श्रीधर नव्हेत! नांवाच्या मागें लागलेला सूचिकार असा एका श्रीधरापासून दुसऱ्या श्रीधरापर्यंत येऊन पोंचतो.

जैन पोथ्यांत हा घोटाळा आणखी वाढतो. 'पद्मपुराण' म्हणतांच आपणांस अठरा पुराणांतील पद्मपुराण आठवतें. कारंजाच्या भांडारांत तें नांव रविषेणाच्या रामकथेचें असतें. 'हरिवंश' म्हणजे महाभारताचें खिल. पण जिनसेनाचें हरिवंशपुराण शके ७०५ मधील स्वतंत्र जैन पुराण आहे. 'ज्ञानार्णव' हा शुभचंद्राचा योगविषयक जैन ग्रंथ, आणि 'ज्ञानार्णव' हें शाक्त तंत्रहि. दुसऱ्या बाजूनें 'तत्त्वार्थसूत्र' आणि 'मोक्षशास्त्र' हीं एकाच ग्रंथाचीं नांवें, 'भगवती आराधना' आणि 'मूलाराधना' हींहि तशींच. ग्रंथकारांच्या नांवांचीहि हीच कथा. पुष्पदंत म्हणतांच घरोघरचा वाचक शिवमहिम्नस्तोत्राच्या कर्त्याचें स्मरण करील. षट्खंडागमाच्या आरंभीच्या सूत्रांचा कर्ता पुष्पदंत आचार्य निराळा. आणि मान्यखेट येथें दहाव्या शतकांत अपभ्रंशांत महापुराण रचणारा पुष्पदंत कवि त्याहून निराळा.

लिपीनें होणारे भेद यांत मिळवावे लागतात. मोडी यादींत ऱ्हस्वदीर्घाचा भेद राहत नाहीं. उत्तरेकडील लेखकांच्या हातीं ब आणि व एक होतात, ष आणि ख यांची अदलाबदल होते. जुन्या जैन पोथ्यांतील पृष्ठमात्रा अजाण वाचकास मागील अक्षराचा काना वाटते. महानुभावांच्या सकळा, सुंदरी इत्यादि सांकेतिक लिपींतील नांव तर उलगडल्यावांचून कशाशींच जुळत नाहीं. म्हणून नांवांचें अंतर मोजण्यापूर्वीं हे ठरीव बदल आधीं सारखे करून घ्यावे, आणि मगच उरलेला भेद भेद म्हणून मोजावा. संगणकाकडून काम घेणाऱ्या पुष्कळ मंडळींकडून ही पहिली पायरी गाळली जाते. मग यंत्र मोडींतील 'शिवलिलामृत' आणि देवनागरींतील 'शिवलीलामृत' यांस दोन ग्रंथ समजतें आणि दोन हरिविजयांस एक समजतें, याचें नवल वाटावयास नको.

नांवानंतर आशय. आपल्या जुन्या सूचिकारांनीं आदि, अंत, पुष्पिका आणि ग्रंथसंख्या देण्याची चाल पाडली ती याचसाठीं. परंतु येथेंहि सर्व शब्दांचें वजन सारखें धरून चालणार नाहीं. 'श्रीगणेशाय नमः' हजारों पोथ्यांच्या आरंभीं आहे. 'ॐ नमः सिद्धेभ्यः' तशीच असंख्य जैन पोथ्यांच्या आरंभीं आहे. हे शब्द जुळले तर कांहींच सिद्ध होत नाहीं. शब्द जितका विरळा, तितकें त्याच्या जुळण्याला वजन अधिक. हा नियम आज गणिती रूपांत ग्रंथशोधाच्या यंत्रांत वापरला जातो. पण दप्तरें चाळणाऱ्या कोणत्याहि अनुभवी मनुष्यास तो पाठ असतो. एखादें दुर्मिळ विशेषनाम दोन कागदांत आलें कीं त्याचे कान टवकारतात, 'राजश्रिया विराजित' दिसलें म्हणून टवकारत नाहींत.

आशयाच्या कसोटीलाहि मर्यादा आहे. यशोधर राजाची कथा घ्या. सोमदेवानें शके ८८१ मध्यें 'यशस्तिलक' रचिलें तें याच कथेवर. वादिराजाचें संस्कृत 'यशोधरचरित' याच कथेवर. पुष्पदंताचें अपभ्रंश 'जसहरचरिउ' याच कथेवर. कथावस्तु एक, पात्रें एक, 'जसहर' हें 'यशोधर' याचेंच प्राकृत रूप. नांव आणि विषय या दोन्ही कसोट्या येथें एकमुखानें 'मेळ' म्हणून साक्ष देतील. एखाद्या घाईच्या सूचिकारानें 'यशोधरचरित, भाषा प्राकृत, दुबार' असें लिहून टाकलें असतें, तर त्या पोथीचा बस्ता आणखी किती वर्षें बांधलेला राहिला असता कोण जाणे! पुढें जाऊन, त्याच जसहरचरिउच्या सर्व प्रतीहि सारख्या नाहींत. गंधर्व नांवाच्या उत्तरकालीन कवीनें विक्रम संवत् १३६५ मध्यें त्यांत तीन ठिकाणीं भर घातली आहे. तेव्हां ज्या दोन पोथ्या एकाच ग्रंथाच्या म्हणून एका पत्रिकेवर याव्या, त्यांतहि भर असलेली व भर नसलेली असा भेद राखावा लागतो. ग्रंथालयांच्या आंतरराष्ट्रीय महासंघानें १९९८ मध्यें कृति, तिचा पाठ, त्या पाठाची आवृत्ति आणि हातांतील प्रत अशा चार पायऱ्या सुचविल्या. हस्तलिखितांत आवृत्ति आणि प्रत या पायऱ्या बहुधा एकच होतात, कारण प्रत्येक पोथी स्वतःची आवृत्ति असते. परंतु कृति आणि पाठ यांतील भेद आम्हांस फार मोलाचा वाटतो. दोन नोंदी कृतीच्या पायरीवर एक आणि पाठाच्या पायरीवर दोन असूं शकतात. 'एक कीं दोन' हा प्रश्न पायरी सांगितल्याशिवाय विचारणेंच व्यर्थ आहे.

आतां वर्गांकडे वळूं. येथें खरी अडचण आहे, आणि सूचिकार येथेंच सर्वांत कमी विचार करतात, असें आम्हांस दिसून आलें आहे. वैदिक परंपरेंत वाढलेला मनुष्य पोथ्या लावूं लागला, तर चौदा विद्यांचा सांचा त्याच्या मनांत असतो : चार वेद, सहा अंगें, पुराण, न्याय, मीमांसा, धर्मशास्त्र. दिगंबर भांडारपालाच्या मनांत चार अनुयोग असतात : प्रथमानुयोगांत महापुरुषांचीं चरितें, करणानुयोगांत लोकरचना व गणित, चरणानुयोगांत आचार, द्रव्यानुयोगांत तत्त्वविचार. या दोन सांच्यांचा मेळ कसा घालावा? प्रथमानुयोग म्हणजे पुराण असें एका ओळींत लिहून मोकळें होण्याचा मोह अनावर असतो.

त्यापेक्षां मोजून पाहावें. ज्या पोथ्या भांडाराच्या जुन्या यादींतहि आहेत आणि नव्या सूचींतहि आहेत, अशाच घ्याव्या. समजा, त्यांपैकीं भांडाराच्या प्रथमानुयोगांत १८ आहेत, नव्या सूचींतील 'पुराण' या वर्गांत १० आहेत, आणि दोन्हीकडे सांपडणाऱ्या ९ आहेत. हे आंकडे केवळ समजुतीकरितां घेतले आहेत. दोन्ही वर्ग मिळून निरनिराळ्या पोथ्या १९ झाल्या, त्यांत समाईक ९. म्हणजे साम्य अर्ध्याहूनहि किंचित् कमी. हें प्रमाण काढण्याची युक्ति झाकार या स्विस वनस्पतिशास्त्रज्ञानें आल्प्स पर्वतावरील निरनिराळ्या ठिकाणच्या वनस्पतींची तुलना करण्यासाठीं १९०१ मध्यें वापरली होती. फुलांची रीत पोथ्यांना लागू पडावी ही मौजेची गोष्ट आहे. परंतु एवढ्यावर थांबलों तर 'साम्य मध्यम' इतकेंच हातीं लागेल. तोच आंकडा दोन्ही बाजूंनीं वेगवेगळा वाचावा. पुराणांतील १० पैकीं ९ प्रथमानुयोगांत आहेत, म्हणजे पुराण जवळजवळ सगळें प्रथमानुयोगांत सामावतें. प्रथमानुयोगांतील १८ पैकीं मात्र ९ च पुराणांत आहेत. उरलेल्या ९ नव्या सूचींत काव्य, चरित, कथा अशा मथळ्यांखालीं विखुरल्या असतील. निष्कर्ष असा कीं, हे दोन वर्ग एक नव्हेत. एक दुसऱ्याच्या पोटांत आहे. साम्याचा एकच आंकडा ही गोष्ट लपवितो, दोन बाजूंनीं काढलेले दोन आंकडे ती उघड करतात.

करणानुयोगाची गोष्ट आणखी निराळी. त्यांत नेमिचंद्राचा त्रिलोकसार बसतो, तिलोयपण्णत्ती बसते. महावीराचार्यांचा गणितसारसंग्रह कोठें घालावा? नवव्या शतकांत अमोघवर्षाच्या काळीं झालेला हा ग्रंथ शुद्ध गणिताचा आहे. चौदा विद्यांच्या सांच्यांत तो ज्योतिषाच्या अंगाखालीं जाईल, आणि भास्कराचार्यांच्या लीलावतीच्या शेजारीं शोभेल. भांडारांत तो त्रिलोकसाराच्या शेजारीं असेल. आमच्या मतें दोन्ही शेजार खरे आहेत. लीलावतीचा शेजार तो ग्रंथ कशाविषयीं आहे हें सांगतो. त्रिलोकसाराचा शेजार तो कोणीं आणि कशासाठीं जपला हें सांगतो. एक शेजार पुसून दुसरा ठेवण्याचा अधिकार सूचिकारास कोणीं दिला?

महानुभाव वाङ्मयांत हा तोटा डोळ्यांत भरण्यासारखा होतो. नरेंद्राचें रुक्मिणीस्वयंवर, भास्करभट्ट बोरीकरांचे शिशुपालवध व उद्धवगीता, दामोदर पंडिताचें वछाहरण, विश्वनाथ बाळापूरकराचा ज्ञानप्रबोध, रवळोबासाचें सह्याद्रिवर्णन आणि नारायण व्यास बहाळिये यांचें ऋद्धिपुरवर्णन हे त्या पंथाचे साती ग्रंथ. आधुनिक वर्गीकरण लावलें कीं पहिले कांहीं आख्यानकाव्यांत जातात, शेवटचे दोन स्थळवर्णनांत, उरलेले तत्त्वविचारांत. प्रत्येक ग्रंथ आपापल्या जागीं बिनचूक बसतो, आणि हे सात ग्रंथ एका पंथानें एकत्र मानले होते ही ऐतिहासिक गोष्ट मात्र सूचींतून नाहींशी होते. भरीला, नरेंद्राचें रुक्मिणीस्वयंवर एकनाथांच्या रुक्मिणीस्वयंवराशीं व भास्करभट्टांचा शिशुपालवध माघाच्या काव्याशीं नांवानें जुळून बसतो तें वेगळेंच.

नांवाला नांव जोडून दोन रचना एक केल्याचें आपल्याकडील थोर उदाहरण राजव्यवहारकोश होय. शिवछत्रपतींच्या आज्ञेनें रघुनाथ पंडितानें फारशी राजकीय शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिले, आणि ते राज, कार्यस्थान, भोग्य, शस्त्र, चतुरंग, सामंत, दुर्ग, लेखन, जनपद व पण्य अशा दहा वर्गांत मांडले. या कामाची योग्यता आम्ही यत्किंचितहि कमी लेखीत नाहीं. परंतु त्याच काळच्या पदनामांच्या पालटांत एक गोष्ट ध्यानांत घेण्याजोगी आहे. मुजुमदाराचा अमात्य झाला, सुरनिसाचा सचिव, वाकनिसाचा मंत्री, डबिराचा सुमंत. नीतिशास्त्रांतील मंत्री राजास मसलत देणारा; रायगडावरील मंत्री म्हणजे पूर्वीचा वाकनीस, राजाच्या खासगीची रोजची हकीकत ठेवणारा. नांव शास्त्रांतून आलें, काम दफ्तरांतून. जो अभ्यासक केवळ नांव जुळलें म्हणून नीतिग्रंथांतील मंत्र्याचीं कर्तव्यें अष्टप्रधानांतील मंत्र्यास चिकटवील, तो दोन ज्ञानरचनांचा चुकीचा मेळ घालील. आणि असे लेख निघालेले आहेत.

तर मग नांव आणि आशय दोन्ही अपुरीं पडतात तेथें कशाचा आधार घ्यावा? शेजाराचा. ही तिसरी कसोटी नवी वाटेल, पण ताम्रपटांचें वाचन करणाऱ्यांनीं ती फार पूर्वींच सिद्ध केली आहे. दुसऱ्या प्रवरसेनाच्या चम्मक ताम्रपटांत भोजकट राज्यांतील मधुनदीच्या तीरावरचें चर्मांक हें गांव एक हजार ब्राह्मणांस दिल्याचें सांगितलें आहे. अचलपुराजवळचें चम्मक तेंच हें गांव, असें विद्वानांनीं ठरविलें तें केवळ 'चर्मांक' आणि 'चम्मक' यांच्या ध्वनिसाम्यावर नव्हे. भोजकट प्रदेश जुळला, नदी जुळली, आणि पट मिळाला तेंहि ठिकाण जुळलें. वाशीम येथें १९३९ मध्यें सांपडलेल्या विंध्यशक्तीच्या ताम्रपटांतील नंदीकट म्हणजे नांदेड हेंहि असेंच भोंवतालच्या परिस्थितीच्या आधारें स्वीकारलें गेलें. उलट अनसिंग या नांवाचा संबंध शृंगऋषीशीं जोडण्याची लोकांत चाल आहे. ध्वनि जुळतो हें खरें. परंतु जुन्या लेखांतील एखादें नांव, एखादी सीमा, एखादी नदी त्याच्या साक्षीस उभी राहीपर्यंत ध्वनीचें साम्य हें एकट्याचें साम्य आहे, एवढेंच इतिहासास म्हणतां येतें. लोकश्रद्धेला यानें बाध येण्याचें कारण नाहीं.

हाच न्याय पोथ्यांना लावावा. नांव नसलेली, आदि व अंत गेलेली पोथी बस्त्यांत कोणाच्या शेजारीं होती, त्याच लेखकाच्या हातची दुसरी पोथी कोणती, पत्रांचा आकार आणि ओळींची संख्या कोणाशीं जुळते, हें पाहिलें असतां पुष्कळदां तिचा वर्ग ठरतो, आणि वर्ग ठरला कीं ग्रंथ शोधण्याचें रान आकुंचित होतें. म्हणून बस्ता सोडण्यापूर्वीं त्यांतील क्रम लिहून घ्यावा, हें आम्ही संग्राहकांस आग्रहानें सांगतों. विषयवार लावण्याच्या उत्साहांत मूळचा क्रम मोडला कीं तिसरी कसोटी कायमची गेली. ती मागाहून कोणत्याहि यंत्रानें परत आणतां येत नाहीं. एका संग्रहांत आम्हीं असे मोडलेले बस्ते पाहिले आहेत. नवे कापड, नवे क्रमांक, सुंदर अक्षरांत नवी यादी. आणि जुनी यादी रद्दी म्हणून फाडलेली!

या तिन्ही कसोट्या लाविल्यावर जो निर्णय होईल तो 'एक' किंवा 'दोन' अशा दोनच शब्दांत लिहूं नये. एकच आहे, एक दुसऱ्यांत सामावतो, कांहीं भाग समाईक आहे, नांव एक पण ग्रंथ भिन्न, निर्णय होत नाहीं, असे संबंध स्पष्ट शब्दांनीं नोंदवावे, आणि कोणत्या कसोटीवर निर्णय केला तेंहि लिहावें. दोन्ही याद्या आपापल्या ठिकाणीं अबाधित राहूं द्याव्या, आणि त्यांच्यामध्यें हा संबंधांचा पट ताणावा. वेलणकरांच्या जिनरत्नकोशांत एकेका नांवाखालीं भिन्न कर्त्यांचे ग्रंथ क्रमांक देऊन वेगळे ठेवले आहेत, आणि प्रत्येकाच्या पुढें तो कोणत्या भांडारांत, कोणत्या सूचींत आहे याचा निर्देश केला आहे. त्यामुळें आज त्यांच्या निर्णयांशीं कोणाचा मतभेद झाला, तरी मूळ नोंदीपर्यंत परत जातां येतें. परतीची वाट मोडणारा मेळ, मग तो कितीहि सुबक असो, आम्ही मेळ मानीत नाहीं. २००३ मध्यें सुरू झालेल्या राष्ट्रीय पांडुलिपि मिशननें देशभर लक्षावधि पोथ्यांच्या नोंदी जमविल्या. अशा अफाट नोंदींत यंत्राचें साहाय्य घ्यावेंच लागतें. किती साम्य पुरें हा उंबरठा यंत्रास आपणच सांगून द्यावा लागतो. तो खालीं ठेवला तर भिन्न ग्रंथ एक होतात, वर ठेवला तर एकाच ग्रंथाच्या दहा पत्रिका होतात. आमचा कल उंबरठा वर ठेवण्याकडे आहे. दहा पत्रिका पुढें कोणीहि एक करील. एक झालेल्या पत्रिकेंतून दहा वेगळ्या करण्याचें कोणाच्या मनांतहि येणार नाहीं.

राहतां राहिली स्थळाची बाब. ती किरकोळ समजली जाते, तशी ती नाहीं. अनसिंगचेंच पाहा. इंग्रजी अमलांत वाशीम हा स्वतंत्र जिल्हा होता व त्यांत वाशीम, मंगरूळ आणि पुसद हे तालुके होते. १९०५ मध्यें तो जिल्हा मोडला. वाशीम व मंगरूळ अकोल्यास गेले, पुसद यवतमाळास गेला. १ जुलै १९९८ रोजीं वाशीम पुन्हां जिल्हा झाला. पुसद मात्र यवतमाळांतच राहिला. म्हणजे अनसिंगचा एखादा कागद १९०० मध्यें नोंदला असेल तर 'जिल्हा वाशीम', १९५० मध्यें नोंदला असेल तर 'जिल्हा अकोला', आणि आज नोंदला तर पुन्हां 'जिल्हा वाशीम'. जुन्या 'जिल्हा वाशीम' या शब्दांत पुसद आहे, नव्या 'जिल्हा वाशीम' या शब्दांत नाहीं, आणि नव्या जिल्ह्यांत तर पूर्वीं त्या नांवाखालीं कधीं नसलेलें कारंजेंहि आलें आहे. नांव अक्षरशः एक, पोट मात्र निराळें; वर सांगितलेल्या हरिविजयाचाच हा प्रकार. अनसिंग आणि पुसद एकाच वाटेवरचीं; घराणीं, सोयरिकी आणि पोथ्या या वाटेनें सतत येत जात असणार. म्हणून पत्रिकेवर केवळ जिल्हा लिहूं नये. गांव लिहावें, नोंद केल्याचें साल लिहावें, आणि त्या सालीं तें गांव कोणत्या तालुक्यांत व जिल्ह्यांत होतें तें लिहावें. पोथीच्या पुष्पिकेंत परगण्याचें नांव आलें असेल, तर तें आजच्या तालुक्याच्या नांवांत न बदलतां जसेंच्या तसें उतरून घ्यावें.